साठ मिलिमीटर पाऊस पडला, पण तो गेला कुठे?

पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्रांत तालुकावार पावसाचे आकडे येऊ लागतात. चोपडा इतके मिलिमीटर, यावल इतके, अमळनेर इतके. मोठी माणसे ते आकडे वाचतात, मागच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडून पाहतात आणि ‘यंदा बरा आहे’ किंवा ‘यंदा ओढ दिली’ असे म्हणतात. जळगाव जिल्ह्यात वर्षाला सरासरी सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो आणि त्यातही खरे पावसाचे दिवस चाळीसच्या आसपास असतात.

पण एक गोष्ट तुमच्याही पाहण्यात आली असेल. एखाद्या वर्षी आकडा सरासरी गाठतो, तरी मार्च महिना उजाडला की विहिरी तळ गाठतात. एखाद्या दिवशी साठ मिलिमीटर पाऊस पडतो आणि शेतकरी समाधानाने मान डोलावतो. दुसऱ्या एखाद्या दिवशी तेवढाच साठ मिलिमीटर पडतो आणि तोच शेतकरी बांध फुटला म्हणून कपाळाला हात लावतो. आकडा एकच, मग परिणाम वेगळे का?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक नरसाळे, एक बाटली, लाकडाच्या तीन पेट्या, एक झारी आणि एक घड्याळ एवढे साहित्य पुरते. मात्र मोजमाप काटेकोर हवे. चला, सुरुवातीपासून पाहू.

मिलिमीटर म्हणजे किती पाणी?

दूध लिटरने मोजतात, धान्य किलोने मोजतात. पाऊस मात्र लांबीच्या एककाने, मिलिमीटरने मोजतात. याचे कारण सोपे आहे. पाऊस लहान भांड्यावर पडला तर थोडे पाणी जमते, मोठ्या भांड्यावर पडला तर जास्त जमते. पण दोन्ही भांडी सरळ बाजूंची असतील तर पाण्याची खोली दोन्हींत सारखीच असते. म्हणून पावसाचे माप म्हणजे खोली. पडलेले पाणी कुठेही वाहून गेले नाही, मुरले नाही, वाफ होऊन उडाले नाही, तर जमिनीवर त्याचा जेवढा जाड थर उभा राहील तेवढा पाऊस.

आता एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला असे समजा. चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर आणि खोली ०.१ सेंटिमीटर. गुणाकार केला तर १,००० घन सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक लिटर! हे नाते लक्षात ठेवा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. तेव्हा एक हेक्टर शेतावर एक मिलिमीटर म्हणजे दहा हजार लिटर. साठ मिलिमीटर पाऊस पडला तर त्या शेतावर सहा लाख लिटर पाणी आले. वजनात सांगायचे तर सहाशे टन! एवढे पाणी कुठे जाते हा प्रश्न किती मोठा आहे, हे आता ध्यानात येईल.

पाऊस मोजण्याची जुनी रीत

पाऊस मोजण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त कोठारासमोर एक अरत्नी, म्हणजे सुमारे हातभर, रुंद तोंडाचे भांडे ठेवून पाऊस मोजावा असे सांगितले आहे. कोणत्या प्रदेशात किती ‘द्रोण’ पाऊस पडतो हेही तेथे दिले आहे. भांडे कोठाराच्या अधिकाऱ्याकडे का? कारण पाऊस, पीक आणि कर यांचा संबंध तेव्हाही लोकांना माहीत होता. कोरियात १४४१ सालाच्या सुमारास राजा सेजोंग याच्या कारकिर्दीत ठराविक मापाची भांडी देशभर बसवण्याची व्यवस्था सुरू झाली. आपल्याकडे भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ साली झाली आणि तेव्हापासून देशभरच्या नोंदी एका पद्धतीने ठेवल्या जाऊ लागल्या.

तालुक्याच्या कचेरीच्या आवारात वर्षानुवर्षे दिसत आलेला पर्जन्यमापक हा सायमन्स नावाच्या इंग्रज संशोधकाच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या तोंडाचा व्यास १२७ मिलिमीटर, म्हणजे पाच इंच असतो. नरसाळ्यातून पाणी आतल्या बाटलीत जमते आणि रोज सकाळी साडेआठ वाजता ते मोजपात्रात ओतून वाचतात. सोमवारी सकाळी साडेआठला वाचलेला आकडा म्हणजे रविवारी सकाळी साडेआठपासूनच्या चोवीस तासांचा पाऊस. एका दिवसात २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तरच हवामान विभाग त्याला ‘पावसाचा दिवस’ म्हणतो.

करून पाहा – १ : शाळेचा पर्जन्यमापक

*साहित्य* – उभ्या कडेचे नरसाळे, पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन, १०० मिलिलिटरचे मोजपात्र, मोजपट्टी.

*कृती* – (१) नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास आतून मोजा. समजा तो १४ सेंटिमीटर आहे. मग त्रिज्या ७ सेंटिमीटर आणि तोंडाचे क्षेत्रफळ २२/७ × ७ × ७ = १५४ चौरस सेंटिमीटर. (२) नरसाळे कॅनच्या तोंडात घट्ट बसवा. फट राहिली तर चिकणमातीने किंवा मेणाने बुजवा. (३) कॅन जमिनीत असा पुरा की नरसाळ्याची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच राहील. कड पूर्ण आडवी असली पाहिजे. (४) जागा मोकळी निवडा. भिंत किंवा झाड कडेपेक्षा जितके उंच असेल, त्याच्या दुप्पट तरी अंतरावर पर्जन्यमापक हवा. (५) रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजा, वहीत लिहा आणि कॅन रिकामा करा.

*हिशोब* – पावसाची खोली (मिलिमीटर) = जमलेले पाणी (मिलिलिटर) ÷ क्षेत्रफळ (चौरस सेंटिमीटर) × १०. समजा ३८५ मिलिलिटर पाणी जमले. ३८५ ÷ १५४ = २.५ सेंटिमीटर, म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस.

कॅन पाच लिटरचाच का, असे कोणी विचारील. एक लिटरची बाटली या नरसाळ्याखाली ६५ मिलिमीटरला भरून वाहू लागेल, आणि नेमक्या मोठ्या पावसाचा आकडा हातचा जाईल. जो दिवस सर्वांत महत्त्वाचा, त्याच दिवशी मापक अपुरा पडता कामा नये.

पाऊस नसला तरी वहीत शून्य लिहायला विसरू नका. कोरी जागा आणि शून्य यांत फार फरक आहे. शून्य म्हणजे ‘पाऊस पडला नाही’. कोरी जागा म्हणजे ‘कोणी पाहिले नाही’.

किती पडला, की किती वेगाने पडला?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, एका शेताची माती तासाला १० मिलिमीटर पाणी पिऊ शकते. याला आपण मुरण्याचा वेग म्हणू. या शेतावर दोन वेगवेगळ्या दिवशी साठ-साठ मिलिमीटर पाऊस पडला.

पहिल्या दिवशी झड लागली आणि साठ मिलिमीटर बारा तासांत पडला. तासाला पाच मिलिमीटर. माती तासाला दहा पिऊ शकते, म्हणून सगळाच्या सगळा पाऊस मुरला. दुसऱ्या दिवशी वादळी पाऊस आला आणि साठ मिलिमीटर एका तासात कोसळला. मातीने त्या तासात दहा घेतले; उरलेले पन्नास मिलिमीटर उताराने वाहून गेले. हेक्टरी पाच लाख लिटर! वर्तमानपत्रात दोन्ही दिवशी एकच आकडा छापून येईल.

म्हणजे पावसाचा एकूण आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. दर तासाला किंवा दर दहा मिनिटांना किती पडला, हे कळले तरच दुसरी अर्धी गोष्ट कळते. म्हणून वेधशाळेत आपोआप नोंद करणारे पर्जन्यमापक असतात. जुन्या प्रकारात पाणी वाढेल तसा तरंगता गोळा वर चढतो आणि त्याला जोडलेली लेखणी फिरत्या कागदावर रेघ काढते. रेघ चढी तर पाऊस जोरदार, आडवी तर पाऊस थांबलेला. दहा मिलिमीटर पाणी भरले की वक्रनलिकेतून ते आपोआप बाहेर पडते आणि लेखणी पुन्हा शून्यावर येते. नव्या प्रकारात तराजूसारखी दोन लहान पळ्यांची जोडी असते. एक पळी भरली की कलंडते आणि दुसरी नरसाळ्याखाली येते. प्रत्येक कलंडण्याची नोंद विजेच्या साहाय्याने होते. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली.

तुम्हालाही पावसाचा वेग मोजता येईल. नरसाळ्याला रबरी नळी जोडून ती उताराने व्हरांड्यात ठेवलेल्या बाटलीत सोडा, आणि पाऊस चालू असताना दर दहा मिनिटांनी बाटलीतले पाणी वाचा. त्यावरून आलेख काढा: आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर पाऊस. विजा चमकत असतील तर मात्र उघड्यावर मुळीच जायचे नाही. नळी व्हरांड्यात आणायची ती त्यासाठीच.

थेंबाची ताकद

वेगवान पाऊस आणखी एका कारणाने वेगळा असतो. त्याचे थेंब मोठे असतात. भुरभुर पावसाचे थेंब अर्ध्या मिलिमीटरचे किंवा त्याहूनही लहान असतात. वादळी पावसात पाच मिलिमीटर व्यासापर्यंतचे थेंब असतात. त्याहून फार मोठे थेंब हवेत टिकत नाहीत, पडता पडता फुटतात. चित्रांत थेंब टोकदार काढतात, पण पडणारा थेंब तसा नसतो. लहान थेंब गोल असतो, आणि मोठा थेंब खालून चपटा, मोदकाऐवजी पावासारखा दिसतो.

दोन किलोमीटर उंचीवरून पडणारा थेंब, हवेचा विरोध नसता, तर सेकंदाला जवळजवळ दोनशे मीटर वेगाने डोक्यावर आदळला असता! हवेच्या विरोधामुळे तसे होत नाही. थेंबाचे वजन आणि हवेचा विरोध सारखे झाले की वेग वाढायचा थांबतो. एक मिलिमीटरच्या थेंबाचा हा अंतिम वेग सेकंदाला सुमारे ४ मीटर, तर पाच मिलिमीटरच्या थेंबाचा सुमारे ९ मीटर असतो.

आता गतिज ऊर्जेचे सूत्र आठवा: अर्धे × वस्तुमान × वेगाचा वर्ग. मोठ्या थेंबाचा व्यास पाचपट, म्हणून वस्तुमान ५ × ५ × ५ = १२५ पट. वेग सव्वादोनपट, त्याचा वर्ग सुमारे पाच. म्हणजे एका मोठ्या थेंबाची ऊर्जा लहान थेंबाच्या सहाशेपटींहून जास्त! हा थेंब उघड्या मातीवर आपटला की ढेकळाचे कण सुटतात आणि चारी बाजूंना उडतात. बारीक कण मातीच्या भोकांत जाऊन बसतात, वर पापुद्रा धरतो आणि मुरण्याचा वेग आणखी कमी होतो. मोठा थेंब असे दुहेरी नुकसान करतो: मातीही सुटते आणि तिला वाहून न्यायला पाणीही मिळते.

याचा पुरावा शाळेच्या भिंतीवरच सापडेल. चुन्याने रंगवलेल्या भिंतीच्या तळाशी पावसाळ्यानंतर मातीचे शिंतोडे दिसतात. ते जमिनीपासून किती उंच गेले ते मोजा. उघड्या जमिनीजवळची भिंत आणि गवताजवळची भिंत यांची तुलना करा.

थेंब मोजायचीही एक सुंदर रीत आहे. अमेरिकेतील विल्सन बेंटली या शेतकरी संशोधकाने ती १९०४ साली प्रसिद्ध केली. परातीत चाळलेल्या पिठाचा दोन-अडीच सेंटिमीटर थर पसरा, वर झाकण ठेवून परात पावसात न्या, झाकण दोन-तीन सेकंदच काढा आणि परत लावा. प्रत्येक थेंबाची एक पिठाची गोळी होते. पीठ वाळल्यावर हलकेच चाळा आणि गोळ्या मोजा. श्रावणातल्या सरीच्या गोळ्या आणि वळवाच्या पावसाच्या गोळ्या शेजारी ठेवून पाहा.

करून पाहा – २ : शाळेतला नकली पाऊस

खरा पाऊस आपल्या सोयीने येत नाही, आणि दोन वेळा अगदी सारखा कधीच पडत नाही. म्हणून शास्त्रज्ञ नकली पाऊस पाडतात. हा विमानातून ढगांत मीठ फवारण्याचा कृत्रिम पाऊस नव्हे. मातीच्या तुकड्यावर ठरलेल्या वेगाने, ठरलेला वेळ पाणी शिंपडायचे आणि काय होते ते मोजायचे, एवढाच त्याचा अर्थ.

*साहित्य* – ४० सें.मी. लांब, २५ सें.मी. रुंद आणि १० सें.मी. खोल अशा तीन सारख्या पेट्या, झारी, बादल्या, मोजपात्र, घड्याळ, थोडी तुरटी, तराजू.

पेटीचे क्षेत्रफळ ४० × २५ = १,००० चौरस सेंटिमीटर आहे. हे माप मुद्दाम निवडले आहे. यात १ मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १०० मिलिलिटर पाणी, म्हणजे हिशोब तोंडी होतो.

*कृती* – (१) पेट्यांच्या तळाला बारीक भोके पाडा आणि आत जुने फडके अंथरा. एका आखूड बाजूच्या वरच्या कडेला खाच करून पन्हाळी बसवा, म्हणजे वाहून जाणारे पाणी भांड्यात पडेल. (२) ‘अ’ पेटीत शेतातली काळी माती खाचेपर्यंत भरा. ‘ब’ पेटीत तीच माती तेवढीच भरा आणि वर वाळलेले गवत किंवा पालापाचोळा पसरा. ‘क’ पेटीत नाल्याच्या काठची वाळू-गोटे भरा. (३) पन्हाळीची विरुद्ध बाजू दोन सेंटिमीटर उचला, म्हणजे उतार शेकडा पाच झाला. (४) आधी रिकाम्या पेटीवर सराव करा. झारीतून अडीच लिटर ओतल्यावर पेटीत किती पडते ते मोजा, कारण काही पाणी बाहेर जातेच. (५) प्रत्येक पेटीत दोन लिटर पडेल असा ‘पाऊस’ दहा मिनिटांत पाडा. झारी सुमारे दोन मीटर उंच धरा आणि सारखी मागे-पुढे हलवा. (६) पन्हाळीतून आलेले पाणी आणि तळातून झिरपलेले पाणी वेगवेगळे मोजा. (७) माती वाळवून पुन्हा भरा आणि तेच दोन लिटर चाळीस मिनिटांत पाडा.

*हिशोब* – दोन लिटर म्हणजे २० मिलिमीटर. दहा मिनिटांत पडला तर वेग तासाला १२० मिलिमीटर. चाळीस मिनिटांत पडला तर तासाला ३० मिलिमीटर. पडलेल्या पाण्यातून वाहिलेले आणि झिरपलेले वजा केले की मातीत राहिलेले कळते.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवून ते रात्रभर निवळू द्या. वरचे पाणी काढा, गाळ वाळवा आणि वजन करा. समजा गाळ १० ग्रॅम भरला. पेटी चौरस मीटरच्या दहाव्या भागाएवढी आहे. म्हणजे चौरस मीटरला १०० ग्रॅम, आणि हेक्टरला १,००० किलो, एक टन! पेटीतला चमचाभर गाळ शेताच्या हिशोबात गाडीभर होतो.

‘अ’ आणि ‘ब’ पेट्यांतली माती एकच आहे, पाऊस एकच आहे. तरी ‘ब’ पेटीतले पाणी पुष्कळ निवळ येईल, कारण थेंब गवतावर आपटून ताकद घालवतो. जूनमधल्या मृगाच्या पावसाची आणि सप्टेंबरअखेरच्या हस्ताच्या पावसाची तुलना यावरून करा. आखाजीच्या सुमारास शेत नांगरून उघडे असते. हस्त लागतो तेव्हा त्यावर कपाशीची छत्री असते. सर्वांत जास्त माती कोणत्या पावसात जाईल?

या प्रयोगाच्या मर्यादाही लिहून ठेवा. दोन मीटरवरून पडलेला थेंब सेकंदाला सहा मीटरच्या आसपासच वेग गाठतो. खरा मोठा थेंब नऊ मीटरने येतो. म्हणून आपला नकली पाऊस खऱ्या वादळी पावसापेक्षा सौम्य आहे. शिवाय पेटी लहान आहे. शेतात पाणी लांबवर धावते आणि त्याचा जोर वाढत जातो. नकली पावसातून आपल्याला नेमके टन समजत नाहीत; कोणती पेटी जास्त राखते आणि कोणती कमी, ही तुलना समजते.

सोलापूरचे वाफे

हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर, खऱ्या पावसात, महाराष्ट्रातच झालेला आहे. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला पुण्याजवळ मांजरी येथे १९२३ साली सुरुवात झाली आणि सोलापूरला १९३३ साली कोरडवाहू शेती संशोधन केंद्र निघाले. तेथे एन. व्ही. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारी शेजारी वाफे आखले, कोठे पीक, कोठे गवत, कोठे उघडी जमीन ठेवली आणि प्रत्येक वाफ्यातून वाहणारे पाणी व माती टाक्यांत धरून मोजली. भारतात अशा पद्धतशीर मोजणीचा हा पहिल्या प्रयत्नांपैकी एक होता. समपातळीवर बांध घालण्याची जी कामे पुढे महाराष्ट्रभर झाली, त्यांच्या मागे अशी मोजमापे होती.

चोपडा तालुक्यात पाणी कुठे जाते?

आता आपल्या तीन पेट्या घेऊन तालुक्याच्या नकाशाकडे पाहू. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि अनेर, गूळ यांसारख्या नद्या डोंगरातून उतरून तापीकडे वाहतात. या उतारावर तीन पट्टे ओळखता येतात.

*पहिला पट्टा, डोंगराचा.* येथे काळा बेसॉल्ट खडक आहे. वर जंगल असले तर पाऊस अडतो. जंगल विरळ झाले तर पाणी थेट नाल्यात येते.

*दुसरा पट्टा, डोंगराच्या पायथ्याचा.* नद्या डोंगरातून एकदम सपाटीवर आल्या की त्यांचा वेग कमी होतो आणि त्यांनी आणलेले गोटे, खडी, वाळू तेथेच पडते. हजारो वर्षांत या गोट्यांचा जाड थर साचला आहे. भूजलशास्त्रज्ञ याला ‘बझाडा’ म्हणतात. ही आपली ‘क’ पेटी. येथे नदीचे पाणी वाहता वाहता दिसेनासे होते आणि खाली जाऊन सपाटीवरच्या विहिरींना मिळते.

*तिसरा पट्टा, तापीकाठच्या गाळाचा.* वर कसदार काळी माती, आणि खाली वाळू व चिकणमाती यांचे एकाआड एक थर. काळ्या मातीचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिला पाऊस ती या भेगांतून घटाघटा पिते. पण ओली झाली की ती फुगते, भेगा मिटतात आणि मुरण्याचा वेग एकदम घसरतो. ‘अ’ पेटीत कोरड्या आणि भिजलेल्या मातीवर लागोपाठ प्रयोग केलात तर हे स्पष्ट दिसेल.

चोपडा, यावल, रावेर हा केळीचा पट्टा. केळीला उन्हाळाभर पाणी लागते आणि ते विहिरी व कूपनलिकांतून येते. गेल्या काही दशकांत येथली पाण्याची पातळी खोल खोल गेली आहे, कारण उपसा मुरण्यापेक्षा जास्त झाला. पावसाचा आकडा वाढवणे आपल्या हाती नाही. पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा कमी करून मुरणारा वाढवणे, आणि उपशाला आवर घालणे, या दोनच गोष्टी आपल्या हाती आहेत.

शेजारच्या शिरपूर तालुक्यात भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून हेच ओळखून काम केले. पाणी न झिरपणारा पिवळ्या मातीचा थर नाल्यात खोदून काढला, नाले रुंद आणि खोल केले, ओळीने बंधारे बांधले, आणि पाणी खालच्या थरांपर्यंत पोचेल असे केले. बझाडा पट्ट्यात तापीचे पुराचे पाणी मुरवण्याच्या मोठ्या योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये झाला. अशा योजना कोठे कराव्यात आणि कोठे करू नयेत, हे ठरवायला मुरण्याच्या वेगाची मोजणीच लागते. जो उपाय गोट्यांच्या पट्ट्यात लागू पडतो तो चिकणमातीवर लागू पडेलच असे नाही.

एक मापक पुरेसा आहे का?

पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. बैलाचे एक शिंग भिजते, दुसरे कोरडे राहते, असे म्हणतात ते उगीच नाही. समजा, एका दिवशी पाच गावांच्या शाळांनी असे आकडे नोंदवले (हे आकडे काल्पनिक आहेत): हातेड ८, लासूर १२, चोपडा ३५, अडावद ७०, धानोरा ५० मिलिमीटर. पाचांची सरासरी ३५. चोपड्याचा आकडाही ३५. म्हणजे सरासरी अगदी बरोबर. पण अडावदच्या शेतात पाणी साचले आणि हातेडची पेरणी सुकते आहे, हे त्या सरासरीत कुठेच दिसत नाही. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी मानली जाते आणि पिकाच्या नुकसानीचे पंचनामे त्या आधारावर होतात. तेव्हा मापक कोठे आहे आणि तो नीट वाचला जातो की नाही, हा प्रश्न केवळ पुस्तकातला नाही.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. तालुक्यातल्या पाच-सहा शाळांनी मिळून सारख्या मापाचे पर्जन्यमापक बसवावेत, एकाच वेळी वाचावेत आणि महिन्याच्या शेवटी आकडे एकत्र करून नकाशावर मांडावेत. सारख्या पावसाची ठिकाणे रेघेने जोडावीत. त्याबरोबर प्रत्येक शाळेने जवळच्या एका विहिरीची पाण्याची पातळी दर महिन्याला दोरीने मोजावी. शाळांचे आकडे सरकारी नोंदीची जागा घेणार नाहीत. पण तीन-चार वर्षे खंड न पडता ठेवलेल्या वहीतून पाऊस आणि विहीर यांचे नाते आपल्या गावापुरते दिसू लागेल.

सोडवून पाहा

१. शाळेचे सपाट छप्पर २० मीटर लांब व ८ मीटर रुंद आहे. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर किती लिटर पाणी जमेल?

२. नरसाळ्याचा व्यास २१ सेंटिमीटर आहे आणि ६९३ मिलिलिटर पाणी जमले. पाऊस किती मिलिमीटर?

३. वरच्या प्रयोगातील पेटीतून १५ ग्रॅम माती वाहून गेली. हेक्टरी किती टन झाली?

४. मुरण्याचा वेग तासाला १० मिलिमीटर आहे. ४५ मिलिमीटर पाऊस तीन तासांत सारख्या वेगाने पडला, तर किती मिलिमीटर वाहून जाईल? तोच नऊ तासांत पडला तर?

५. तुमच्या गावाजवळच्या नाल्यात पाऊस थांबल्यावर किती वेळ पाणी वाहते ते तीन वेगवेगळ्या पावसांनंतर नोंदवा. त्या पावसांचा एकूण आकडा आणि वेग शेजारी लिहा. नाला कशाशी जास्त जुळतो?

*उत्तरे* – (१) ४,००० लिटर. (२) २० मि.मी. (३) दीड टन. (४) १५ मि.मी.; काही नाही. (५) या प्रश्नाचे उत्तर तुमच्या वहीत आहे.